पाचव्या पानावरचा ठोका

नागपुरात धंतोलीच्या कोपऱ्यावरच्या चहावाल्यानं चमचा ग्लासाच्या कडेवर मारला, टण्, आणि माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांनी हवेतलं एक पान उलटलं. मला हसूच आलं. शाळेच्या घंटेला पोरांचे पाय उचलतात, माझी बोटं चहावाल्याच्या चमच्याला. दोन वर्षं दुसरं केलंच काय होतं मी? वाटीवर चमचा मारायचा, श्वास घ्यायचा, चार वाक्यं बोलायची, परत चमचा. चहावाल्याची साखर बहुतेक विरघळली नव्हती. त्यानं पुन्हा मारला, टण्, बोटांनी पुन्हा पान उलटलं, आणि मग ती तिथंच राहिली, अधांतरी. पाठोपाठ दोन ठोके. मधे फक्त श्वासापुरती जागा. हे मी ऐकलेलं होतं. माझ्याच कानांनी, माझ्याच हातून, आवाज घुमू नये म्हणून गाद्या टांगलेल्या, टेप करायच्या त्या खोलीत. "काहून बाई, चाय पाहिजे का नाही?" चहावाला म्हणाला, तेव्हा कळलं की ग्लास केव्हाचा माझ्या डाव्या हातात आहे आणि बोटं पोळून लाल झालीत. मी ग्लास तसाच ठेवला आणि चालू लागले. धावले नाही. चाळिशी उलटलेली बाई भर दुपारी धंतोलीत धावली तर लोक मागून विचारतात कोण गेलं म्हणून.

आमच्या केंद्राचं नाव एवढं लांब की पाटीवर दोन ओळींत मावत नाही, पण काम सांगायला सोपं आहे. खेड्यातल्या सुइणींना घरबसल्या शिकवायचं, पत्रानं. आता जिला स्वतःचं नाव लिहिता येत नाही तिला पत्रानं काय शिकवणार, हा प्रश्न पाटी रंगवून झाल्यावर पडला. मग टेप आली. सेलवर चालणारा एकेक टेपरेकॉर्डर पंधरा गावांतल्या पंधरा सुइणींना दिला. दर सहा महिन्यांनी एक कॅसेट आणि एक चित्रांची वही एसटीनं जायची. कॅसेट लावायची, वही मांडीवर घ्यायची, टण् वाजलं की पान उलटायचं. मी इथं पाकिटं चिकटवायला लागले होते. सातवी पास, नवऱ्याच्या माघारी. पहिला धडा शहरातल्या एका शिकलेल्या बाईंच्या आवाजात होता. तो कुहीला नेऊन सुइणींना ऐकवला तेव्हा म्हातारी भीमाबाई माझ्या कानाशी लागली, "हे बाई कोनाले रागावून राहिली वं?" मी पाकिटांचा गठ्ठा खाली ठेवून तिला तेच आमच्या उमरेडच्या बोलीत सांगितलं. पंधराही जणी माझ्याकडे वळल्या. परत येताना जीपमध्ये आमचे प्रमुख दत्तोपंत मला म्हणाले, "उद्यापासून तुम्ही बोलायचं." असं झालं ते. लोकांची नशिबं कपाळावर लिहिलेली असतात, माझं पाकिटावर होतं.

मग मी शिकले. कुठल्या पुस्तकातून नाही, बायांच्या तोंडाकडे पाहून. नुसते हात धुतानाचं चित्र दाखवलं तर त्यांनी विचारलं, "कोनाचे तोडले हे हात?" तेव्हापासून चित्रात अख्खी बाई आली. एका पानावर एकच गोष्ट. पातेलं म्हणू नये, गंज म्हणावं. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, जिचा मला फार अभिमान: जे चित्र सांगतं ते आवाजानं पुन्हा सांगायचं नाही. दोन्ही बोलायला लागले की बाई कुणाचंच ऐकत नाही. दत्तोपंतांनी हे माझं वाक्य मुंबईच्या पाहुण्यांना सांगितलं, स्वतःचं म्हणून. तिसऱ्या धड्याला तर मी तांदळातले खडे निवडावे तसे शब्द निवडून फेकले. उरलं काय? असं. हे. अशीच. एवढंच. किती सुटसुटीत वाटलं होतं तेव्हा.

केंद्रात कुणी नव्हतं. मी कपाटातून तिसऱ्या धड्याची कॅसेट काढली, चित्रांची वही मांडीवर घेतली. ही दोन्ही एकत्र मी आजवर कधीच घेतली नव्हती. टेप केली तेव्हा चित्रं छापखान्यात होती, वह्या आल्या तेव्हा कॅसेटी बांधून झाल्या होत्या, आणि एसटी काही कुणासाठी थांबत नाही. आता मी भीमाबाई झाले. टण् वाजलं की पान, असं मनाशी ठरवलं, बाकी डोकं बंद. पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं पान नीट गेलं. पाचव्या पानावर धनुर्वात झालेलं बाळ आहे, पाठ धनुष्यासारखी मागं वाकलेली, तोंड आवळलेलं. माझा आवाज म्हणाला, "सातव्या दिवशी बाळ दूध ओढत नाही. जबडा..." आणि टण्. बारीक, चोरटा, पण टण्. मग घसा खाकरल्याचा आवाज, आणि "आवळतो." मी पान उलटलं होतं. नियमच तो. आवाज पुढं गेला, पुन्हा टण्, पुन्हा पान, आणि तिथून पुढं सगळी चित्रं आवाजाच्या एक पाऊल पुढं चालायला लागली. पातं उकळायचं सांगत होते तेव्हा चित्रातली बाई नाळ कापत होती. कापायचं सांगत होते तेव्हा कापून झालं होतं. इथवर ठीक, सुइणींना हे येतंच. मग माझा आवाज मऊ झाला, कौतुकानं भरून आला; ते मी मुद्दाम केलं होतं, आठवतंय मला. "आता हे पाहा. बेंबीचं असं करायचं. अशीच ठेवायची. एवढंच. दुसरं काही नाही." कोरड्या, उघड्या बेंबीचं पान आधीच उलटून गेलं होतं; मांडीवरच्या चित्रात एक बाई चुलीतली राख बाळाच्या बेंबीवर दाबत होती.

मी टेप बंद केली नाही. बसून राहिले. पुढच्या पानावर आई बाळाला पहिलं दूध पाजत होती आणि माझा आवाज म्हणत होता, "असं कधी, कधी करू नका."

राखेच्या चित्रावर लाल फुली होती. तिला मी घट्ट धरलं, बुडत्यानं धरावं तसं. फुली म्हणजे नाही, हे कुणालाही कळतं. कुणालाही म्हणजे ज्याची वही मास्तरनं कधी तपासली त्याला. वहीचा कच्चा नमुना घेऊन मी कुहीला गेले होते तेव्हा भीमाबाईनं बोट ठेवून विचारलंच होतं, "हे दवाखान्याची निशानी ना वं? भितीवर आहे ना तशी, लाल." मी हसून म्हटलं होतं, नाही वं, तिरपी आहे ही. परत आल्यावर दत्तोपंतांना सांगितलं, तर ते म्हणाले, छपाईचे ब्लॉक झालेत आता. आणि मीही म्हटलं, जाऊ दे, आवाज आहे ना सांगायला. आवाज!

टेबलासमोरच्या भिंतीवर मी एक पोस्टकार्ड टाचणीनं लावलं होतं. मागच्या आठवड्यात आलेलं, भीमाबाईच्या गावच्या मास्तरांच्या अक्षरात. "भीमाबाई सांगते की, टेप रोज ऐकतो. चारुबाईचा आवाज घरात असल्यासारखा वाटतो. सून कौशल्या याच पंधरवड्यात मोकळी होईल. धड्यात सांगितलं तसंच सगळं करीन." चारुबाई म्हणजे मी; येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून लावलेलं.

ओमप्रकाश आला तेव्हा मी वही मांडीवर घेऊन तशीच बसले होते. टेपांचं सगळं तोच बघतो. इतवारीतला, अर्धा हिंदीत बोलतो. मी त्याला काही सांगितलं नाही, टेप मागं घेतली आणि वाजवली. पाचव्या पानाशी त्यानं मान खाली घातली. "दीदी," तो म्हणाला, "मी त्या दिवशी बोललो होतो ना. एक बार और घेऊन घेऊ म्हणून." बोलला होता. काचेपलीकडून हात वर करून विचारलं होतं त्यानं, पुन्हा घेऊ? आणि मी मानेनं नाही म्हटलं होतं. पुढं चल, अशी बोटं फिरवली होती. त्याला वाटलं असेल बाई थकल्या. बाई थकल्या नव्हत्या. बाईंना ते वाक्य एकदा म्हणता आलं होतं, दुसऱ्यांदा आलं नसतं, एवढंच. दुसरं काही नाही.

दत्तोपंतांनी शांतपणे ऐकून घेतलं. मोठे लोक आधी चष्मा पुसतात. मग म्हणाले, "घाबरू नका. आजच परिपत्रक काढू पंधरा गावांना." मी म्हटलं, "साहेब, त्यांना वाचता येत नाही. त्यासाठीच तर टेप केली." मला त्यांची कीव आली, खरंच. मग त्यांनी फोन ओढला आणि तालुक्यांच्या दवाखान्यांना ट्रंककॉल लावायला घेतले. उमरेडचा लागला. कुहीचा लागेना. ओमप्रकाशनं लुना काढली, उमरेडकडची गावं मी करतो म्हणाला. मी पर्स घेतली, त्यात साबणाची नवी वडी टाकली, का ते तेव्हा कळलं नाही, आणि गणेशपेठेतून कुहीची गाडी धरली.

खिडकीशी जागा मिळाली. कापलेल्या धानाचा वास आत येत होता. माझ्या शेजारी एक बाई लेकराला पाजत बसली होती आणि मी त्याच्या गालाकडे पाहत होते, गाल हलतो की नाही. हलत होता. थांबला की माझा श्वास थांबायचा, हलला की सुटायचा. "काय पाहून राहिली बाई?" तिनं पदर पुढं ओढत विचारलं. दृष्ट लावते असं वाटलं असेल तिला. मी तोंड फिरवलं. रस्त्याकडे पाहिलं तर उमरेड दिसायला लागलं, ही गाडी तिकडे जात नव्हती तरी. सासरच्या ओसरीत दोन हातमाग होते, सकाळपासून दिवे लागेपर्यंत खटक-खटक, खटक-खटक. मला सतरावं. पोराची नाळ रंभाबाईनं मागाच्याच सुतानं बांधली. रंभाबाई आमची सुईण, सासूची बालमैत्रीण. मग तिनं हात पुढं केला, आणि चुलीतली राख चाळून, गार करून, वाटीतून मीच दिली तिला. मीच. पडल्यापडल्या, हात लांब करून. सासू म्हणाली, पाहा, आतापासूनच पोराची किती माया आहे हिला. रंभाबाईचं बोट किती हलकं होतं. एवढ्या मायेनं कुणी काही केलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, त्यानंतरही नाही. सहाव्या दिवशी पाटीपेन्सिल ठेवून सटवाईची पूजा झाली. सातव्या दिवशी सकाळी तो ओढेना. मला वाटलं माझ्या दुधालाच काही झालं. मी चिडले त्याच्यावर, मिठू मिठू केलं, गालाला चापट मारली हळूच. मग त्याचं तोंड उघडेचना. दुपारी सासऱ्यांनी माग थांबवले. घरात माग थांबले की कानात केवढा आवाज होतो, ते ज्यानं ऐकलं त्यालाच माहीत. ह्या गोष्टीला चोवीस वर्षं झाली. ही मी कुणालाच सांगितलेली नाही. पंधरा सुइणींना मात्र चार शब्दांत सांगितली, आणि तेवढ्यात माझ्या हातातला चमचा हलला. जिथं सगळ्यांत जास्त खरं बोलत होते तिथंच.

कुहीला उतरून पुढं दोन मैल पाणंद. आता मात्र मी धावले. धुऱ्या-बांधावरच्या बाया धानाच्या पेंढ्या बांधता बांधता पाहत राहिल्या. मनात हिशोब नाही, फक्त नवस. कुणाला करतेय तेही कळेना. ती अजून मोकळी झाली नसू दे. वही हरवली असू दे. सेल संपले असू दे. कधी नव्हे ते मी मागत होते की माझं काम कुणापर्यंत पोहोचलेलं नसावं. भीमाबाईच्या अंगणात वाळत घातलेली, बाळाला गुंडाळायची धडोती दिसली, बारकी, चौकोनी, आणि मला कळलं की मोकळी झाली.

"अवं माय, चारुबाई!" भीमाबाई उंबऱ्यावरच उठली. "पोस्टकार्ड भेटलं काय? पन त्यात तं हे लिहिलंच नोहोतं. शनिवारी झाली ना कौशल्या! पोरगा झाला. अशी घामानं काहून भिजली तू? पोराच्या बापाले, देवाजीले कळवलं, वाडीले आहे ना तो गोदामात, येनच दोन-चार दिवसात." शनिवार एक, रविवार दोन, सोमवार तीन. आज चौथा. आत बुद्धाच्या तसबिरीखाली कौशल्या पोराला घेऊन बसली होती, वीस वर्षांची असेल, मला पाहून लाजली. फळीवर टेपरेकॉर्डर होता, त्याच्यावर स्वच्छ रुमाल झाकलेला. मी पोराचं धडोतं सोडलं. बेंबीवर राख होती. नीट, गोल, हलक्या बोटानं दाबलेली.

"भीमाबाई, हे काय केलं वं तू?" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"काहून? तूच तं म्हने ना." तिनं वही काढली, बरोब्बर ते पान उघडलं. "असं करायचं. एवढंच. दुसरं काही नाही. मी तं राख किती सालाची सोडून देल्ली होती बाई. नर्सबाईनं दटावलं तवापासून हात नाही लावला. मंग हे दाखवलं तुमच्या टेपनं, वरून दवाखान्याची लाल फुली. मले नवलच वाटलं. देवाजी म्हने, नागपूरवाले शिकून सांगतेत, आपल्याहून जास्त समजते त्याईले. मी म्हटलं, सुधरली असन काही राख."

सोडून दिली होती. माझी टेप या घरात आली नसती तर आज इथं राख नसती. मी आजवर पुष्कळ गोष्टींना रडले आहे पण इथं रडू आलं नाही. मी म्हटलं, "टेप चुकली. मी चुकली. पानी उकळाले ठेव." भीमाबाईनं माझ्याकडे पाहिलं, मग नातवाकडे, आणि ती चुलीकडे वळली. भांड्याला भांडं लागू दिलं नाही तिनं. मी साबणाची वडी काढली. राख निघाली. खाली लाल दिसत होतं की चुलीच्या उजेडात तसं वाटत होतं, देव जाणे. कौशल्याला विचारलं, पोटुशी असताना दंडात धनुर्वाताची सुई घेतली होती का? एक घेतली, ती म्हणाली, दुसरीच्या वेळी मी माहेरी होती. तेवढी एक. मी ती एक मुठीत धरून ठेवली.

शेजाऱ्याच्या बैलगाडीनं आम्ही कुहीच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा दिवे लागले होते. डॉक्टर तरुण होता, रागावला नाही, त्याचंच मला जास्त लागलं. जखम धुतली, पोराला सुई दिली, आईला दिली. "लवकर आलात," म्हणाला, "पण मी वचन देत नाही. सातवा-आठवा दिवस जाऊ द्या. दूध ओढतो ना, तेवढंच बघत राहा. ओढणं थांबलं की लगेच नागपूर." आम्हाला ओसरीतली खाट दिली. भिंतीवर मोठी लाल फुली होती. भीमाबाई तिच्याकडे पाहत बसली, नवीन माणसाकडे पाहावं तशी.

सकाळी कौशल्यानं विचारलं. विचारणारच होती. "आता पोराले काही होत नाही ना, बाई?" तिला माझा तो आवाज पाहिजे होता, महिनाभर घरात असल्यासारखा असलेला, सगळं समजलेला, मऊ. तो माझ्यापाशी होता. काढला असता तर निघालाही असता. मी म्हटलं, "सातव्या दिवशी बाळ दूध ओढत नाही. जबडा आवळतो. झालं तर असं होते, कौशल्या. आज पाचवा आहे. माहा पोरगा असाच गेला, उमरेडले, चोवीस साल झाले. राख मीच देल्ली होती हातात." ठोका नाही, खाकरणं नाही. नुसतं वाक्य, मागं तिचं पोर कुरकुरत होतं ते. तिनं पोराला छातीशी एवढं घट्ट धरलं की मला वाटलं आता ही मला जा म्हणेल. म्हणायलाच पाहिजे होतं.

बोलली ती भीमाबाई. "तिथं तुहा आवाज बसला होता, टेपात," ती फुलीकडे पाहतच म्हणाली. "आमी म्हटलं सर्दी झाली असन चारुबाईले. दोनदा वाजलं तं दोनदा उलटवलं वं. तुहं कोनतं वाजनं खरं, अन कोनतं उगाच, आमाले काय मालूम?" मग माझ्याकडे वळून, "कधीच नाही सांगितलं कोनाले? चोवीस साल?" मी मान हलवली. "मंग आता इथंच रहा. सातवा होयेलोक रहा. होते का नाही होते, तुह्या डोयानं पाहा." ती शिक्षा होती की माया, मला कळलं नाही. तिलाही कळलं नसेल. तिनं आपली अर्धी सतरंजी माझ्याकडे सरकवली.

दर दोन तासांनी मी साबणानं हात धुते. करंगळीचं नख दातांनी कुरतडून मुळापर्यंत काढलं आहे. कौशल्या पोराला माझ्या मांडीवर ठेवते, अजून माझ्याकडे बघत नाही, पण ठेवते. मी करंगळी त्याच्या ओठांवर टेकवते. पहिल्यांदा काहीच होत नाही. तेवढ्या वेळात कानात माग थांबलेले असतात. ओसरीपलीकडे कुणी कपात चमचा हलवतं, टण् वाजतं, माझा हात हलत नाही. मग ओठ उघडतात, करंगळी आत जाते, गरम, ओली, आणि टाळू तिला आवळून घेतो. ओढलं. मी थांबते. पुन्हा ओढलं.